अबू सालेहच्या कोठाराची मागची भिंत

तारीख नऊ मे. ठिकाण: राजापूरकडच्या आमच्या गावातला मांगर. हजर: आई, बायको नसीमा, धाकटा भाऊ सलीम, शेजारचे दाऊदकाका, जीपवाला आणि दोन बैल. बाबाही हजर, पण छपरावर.

ही नोंद माझ्या पहिल्या वहीत आहे. तिला बावीस वर्षं झाली. आमचा निरोप घरात न होता मांगरात झाला, कारण जीप तिथपर्यंतच यायची. गावातल्या मंडळींना मांगर सांगायला नको, पण इकडे सौदीत, दम्मामला आणि खफजीला वाढलेल्या आपल्या मुलांसाठी लिहितो. मांगर म्हणजे शेताच्या कडेची इमारत. खाली गुरं, वर माळ्यावर भात आणि पेंढा, पुढे सारवलेलं खळं. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, छपरावर नळे, म्हणजे अर्धगोल कौलं. पाऊस सुरू होण्याआधी ते नळे उतरवून पुन्हा लावायचे, फुटके बदलायचे. त्या दिवशी बाबा तेच करत होते. मी खालून हाक मारली, "बाबा, निघतो."

"जा तू," ते वरूनच म्हणाले. "मी खाली आलो तर हे कोण लावील? अर्धं छप्पर उघडं हाय."

आई चिडली. "पोरगा परदेशात चाललाय आणि तुम्हाला कौलं सुचतायत!"

"पोरगा काय पावसात भिजणार नाय. पेंढा भिजेल."

जीप वळणावर गेली तेव्हा मी मागे पाहिलं. ते छपरावर उभे होते आणि हातात एक नळा होता. तो त्यांनी हलवला की नुसता उचलला, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

आमचं घराणं गवंड्यांचं. बाबांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, आधी मोजायचं, मग बोलायचं. दुसरी, भिंतीचं काम साफ हवं. ओळंबा सोडला की दोरी वरपासून खालपर्यंत भिंतीला समांतर राहिली पाहिजे आणि तळहात फिरवला तर कुठे अडता कामा नये. एखादा चिरा बोटभर पुढे आला तर बाबा तो तासून घ्यायचे, आणि तासणाऱ्याचा उद्धार करायचे. याच शिकवणीवर मी खमीस मुशैतला आलो आणि सहा वर्षांत सुपरवायझर झालो. व्हिला, दुकानं, शाळेची कंपाउंड वॉल, सगळं काँक्रीट आणि ब्लॉक. सगळं सरळ.

गावाकडे लोकांना वाटतं, सौदी म्हणजे वाळू आणि ऊन. खमीस मुशैत डोंगरावर आहे. इथे स्वेटर लागतो, धुकं पडतं, आणि पाऊस येतो तो बादली उपडी केल्यासारखा. दम्मामचे माझे मेहुणे दर फोनला विचारतात, "काय, महाबळेश्वरला बरं आहे ना?" नसीमा चौदा वर्षांपूर्वी इथे आली. मुलगी सना इथेच जन्मली. ती इंडियन स्कूलमध्ये जाते आणि मी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते. चिडली तर इंग्रजीत. दर वर्षी इकाम्याचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण, पासपोर्टच्या प्रती, शाळेची पुस्तकं, या सगळ्याच्या याद्या फ्रीजवर लावलेल्या असतात. नसीमा म्हणते, "अहो, मलाही एकदा यादीत घ्या, म्हणजे माझंही काम वेळेवर होईल."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत कफिलाने, म्हणजे आमच्या कंपनीच्या सौदी मालकाने, मला बोलावून एक वेगळंच काम दिलं. शहरापासून अर्ध्या तासावर त्याच्या ओळखीचे एक म्हातारे शेतकरी राहतात, अबू सालेह. त्यांच्या आजोबांनी बांधलेली शेतावरची इमारत होती. तिची मागची भिंत एका बाजूने खचली होती. तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधायचा. तीन आठवडे, चार माणसं.

मी गेलो, पाहिलं आणि तिच्याभोवती फिरलो. खाली दगडी पाया आणि शेळ्या-मेंढ्यांची जागा. बाजूने जिना वर कोठारात जाणारा. समोर दगडी फरसबंदीचं गोल खळं. तुळया डोंगरातल्या जुनिपरच्या, सालीसकट वापरलेल्या. माझ्याबरोबर आमचा सुतार होता, सावंतवाडीकडचा प्रकाश. तो आत डोकावून म्हणाला, "इक्बालभाई, ह्यो तर आमचो मांगरच. फक्त गुरांची भाषा येगळी."

भिंती मात्र आपल्यासारख्या नव्हत्या. पायाच्या वर सगळी माती, पेंढा घालून तुडवलेली, हातभर उंचीच्या थरांनी चढवलेली. दर दोन थरांमध्ये चपट्या दगडी पाट्यांची एक ओळ, आणि त्या पाट्या भिंतीच्या बाहेर वीतभर आलेल्या. लांबून पाहिलं तर इमारतीला खवले असल्यासारखं वाटायचं. मला ते शोभेचं वाटलं.

अबू सालेहांचा मोठा मुलगा सालेह पहिल्याच दिवशी भेटला. शहरात नोकरी, गाडी स्वच्छ, बोलणं मोकळं. त्याने मला बाजूला घेऊन हिंदीत सांगितलं, "मुअल्लिम, ये अब्बा के लिए कर रहा हूँ." मुअल्लिम म्हणजे इथे उस्ताद मिस्त्री. गोष्ट अशी होती की त्याला तिथे इस्तिराहा बांधायचा होता, म्हणजे सुट्टीच्या दिवशी कुटुंबाने येऊन बसण्याचं घर, एसी, हिरवळ वगैरे. बापलेकांत ठरलं होतं की ही भिंत बांधून घ्यायची. या हंगामाचा गहू कोठारात ठेवायचा. भिंत पावसाळ्यात टिकली तर इमारत राहील, नाही टिकली तर पाडायची. आणि पाडली तर इस्तिराह्याचं काम आमच्याच कंपनीला मिळणार होतं. हे त्याने हसत सांगितलं. मीही हसलो.

काम मी माझ्या पद्धतीने केलं. ओळंबा लावला. खचलेला भाग उतरवला, माती पुन्हा भिजवली, थर चढवले. आपल्याकडे चिऱ्याचे चार-पाच थर दिवसात होतात, म्हणून इथेही मी रोज दोन थर लावले. आणि पाट्या? त्या दोरीला अडत होत्या. मी ग्राइंडर मागवला आणि प्रत्येक पाटी भिंतीबरोबर कापून घेतली. अबू सालेह तेव्हा खळ्याच्या कडेला बसले होते. त्यांनी विचारलं, "या कापायच्या असतात का?"

मी म्हणालो, "काम साफ दिसेल."

ते "माशाल्लाह" म्हणाले आणि चहाचा पेला माझ्यापुढे सरकवला.

तीन आठवड्यांचं काम मी सोळा दिवसांत संपवलं. शेवटी भिंतीवरून तळहात फिरवला, कुठेच अडला नाही. फोटो काढून सलीमला पाठवला आणि खाली लिहिलं, बाबांनी पाहायला हवं होतं.

एप्रिलमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. दुपारी तासभर. दुसऱ्या दिवशी सकाळी कफिलाचा फोन आला की लगेच जा.

मी बांधलेला भाग बसला होता. वितळला होता म्हणणं जास्त बरोबर. मधोमध बैल आत जाईल एवढं भगदाड, खाली चिखलाचा ढीग, त्यात माझ्या कापलेल्या पाट्या बिस्किटांसारख्या रुतलेल्या. सालेह फोनवर होता. अरबीत तो शेवलवाल्याशी बोलत होता, शनिवारी येशील का म्हणून. शेवल म्हणजे पुढे लोखंडी सूप असलेलं यंत्र. एका दिवसात त्याने सगळं साफ झालं असतं. अबू सालेह खळ्यावर बसले होते. त्यांनी मला सलाम केला, नेहमीसारखी तब्येत विचारली, सनाची परीक्षा कशी झाली विचारलं. भिंतीबद्दल एक शब्द नाही.

सालेह फोन ठेवून म्हणाला, "देखा मुअल्लिम? मिट्टी है, पुरानी चीज है. तुमने तो अच्छा बनाया था. खलास."

खरं लिहितो. त्या क्षणी मला बरं वाटलं. दोष मातीवर गेला होता, माझ्यावर नाही. आणि इस्तिराह्याचं काम म्हणजे माझ्या माणसांना वर्षभर एकाच जागी काम. मी वही उघडलीही. "शेवल, एक दिवस. मलबा, तीन गाड्या," एवढं लिहिलं.

मग मोजायची सवय म्हणून मी भगदाडाच्या दोन्ही बाजूंना मोजमाप घेतलं. उजवीकडची भिंत जुनी, अबू सालेहांच्या आजोबांची. तिला काही झालं नव्हतं. हात लावला. प्रत्येक पाटीच्या खाली माती कोरडी होती. पाट्यांच्या टोकांवरून पाणी खाली गळलं होतं, आणि त्याची रेघ जमिनीवर भिंतीपासून हातभर लांब उमटली होती. ती पागोळ्यांची रेघ होती. लहानपणी मांगराच्या कडेला आम्ही पाण्याच्या त्या छोट्या खळग्यांत सुपाऱ्या टाकायचो. आपल्या भिंतीला वर एक मोठं छप्पर असतं, त्याची पागोळी लांब पडते आणि भिंत वाचते. इथे छप्पर सपाट. म्हणून प्रत्येक थराला त्याचं स्वतःचं छप्पर दिलं होतं, आणि मी ग्राइंडर लावून ती सगळी छपरं कापून टाकली होती.

प्रकाश माझ्या मागे उभा होता. त्याच्याही लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "तुम्ही हिका सरळ करूक गेलात, तिनाच तुमका सरळ केल्यान."

मी सालेहकडे गेलो. हिंदीत सुरुवात केली, मग अरबीत बोललो, म्हणजे म्हाताऱ्यालाही कळावं. म्हणालो, "भिंत पडली नाही. माझं काम पडलं. पाट्या मी कापल्या. त्या कापल्या नसत्या तर हे उभं राहिलं असतं. ती बाजू बघ."

सालेह ती बाजू बघून आला. "इतकी वर्षं बांधकाम करतोस आणि तुला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि तुम्ही?" त्याने वडिलांना विचारलं. "तुमच्यासमोर कापल्या ना?"

अबू सालेह म्हणाले, "तो मुअल्लिम आहे. मला वाटलं, त्याला काहीतरी नवीन माहीत असेल. पाहुण्या कारागिराला किती वेळा विचारायचं?"

यावर सालेहला हसू आलं, मला नाही. मी सांगितलं की पुन्हा बांधून देतो, कंपनीच्या वेळात नाही, माझ्या शुक्रवारी. कफिलाला मी विचारलं तर तो म्हणाला, सुट्टी तुझी, पाठ तुझी. सालेहने शेवलवाल्याला फोन केला, पण काम रद्द नाही केलं, नुसतं पुढे ढकललं. "गहू कोठारात जाईल तेव्हा बघू. उन्हाळ्याच्या पावसात पडली तर या वेळी मी कोणाचं ऐकणार नाही."

या वेळी मी यादी केली नाही. अबू सालेहांनी सांगावं आणि मी करावं असं ठरलं. माती आदल्या आठवड्यात भिजवून मुरवायची. एक थर, हातभर उंच. मग थांबायचं. नखाने टोचून नख आत गेलं नाही की पाट्या लावायच्या, वीतभर बाहेर, पुढच्या टोकाला किंचित उतार. त्यावरचा थर बोटभर आत. म्हणजे भिंत वर जाताना मागे कलते. माझा ओळंबा त्या भिंतीपुढे लोंबत राहिला, तो मी पहिल्याच शुक्रवारी काढून डिकीत टाकला. सात थर होते. आठवड्याला एक. मी विचारलं, "दोन घेतले तर?" अबू सालेह म्हणाले, "खालच्याला अजून स्वतःचं वजन पेलत नाही, त्याच्या डोक्यावर दुसरा कशाला?"

नसीमा आणि सना दुसऱ्या शुक्रवारपासून यायला लागल्या. सना पहिल्यांदा कंटाळली. "पप्पा, इट्स जस्ट अ बार्न," म्हणाली. मग अबू सालेहांच्या नातींबरोबर पाट्या निवडायला गेली आणि संध्याकाळी चिखलाने माखून आली. नसीमा घरून घावण करून आणायची. तिकडून गव्हाची रोटी, तूप आणि मध यायचा. अबू सालेहांना घावण आवडले, पण मधात बुडवून. नसीमा मला म्हणाली, "यांना चटणी दिली तर जावयासारखे रुसतील."

तिसऱ्या शुक्रवारी मी सलीमला फोन केला. मला एक माप हवं होतं. "आपल्या मांगराचं छप्पर भिंतीच्या किती बाहेर होतं रे? पागोळी कुठे पडायची?"

तो म्हणाला, "आता विचारतोस?"

आमचा मांगर पाडून सहा वर्षं झाली. बाबा गेले, गुरं गेली, छप्पर बसलं. सलीमने फोनवर विचारलं होतं, काय करू? मी एका स्लॅबच्या कामावर उभा होतो. म्हणालो, पाड. वहीत लिहिलं, "मांगर, पाडणे, सलीम." दोन आठवड्यांनी त्याला विचारलं, झालं का? तो म्हणाला, झालं. मी पुढे बरोबरची खूण केली. ते पान माझ्याकडे आहे. त्याच्या वर सनाच्या वह्यांची यादी आहे आणि खाली गाडीचं ऑइल.

सलीम म्हणाला, "फोटो काढ म्हणाला असतास तर काढला असता. मोजून ठेव म्हणाला असतास तर मोजलं असतं. तू फक्त झालं का एवढंच विचारलंस."

मी म्हणालो, "हो. चूक झाली."

"दाऊदकाकांना विचारतो," तो म्हणाला. आणि त्याने खरंच विचारलं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: काका म्हणतात दीड हात, आणि तुझे बाबा नेहमी म्हणायचे की दोन हवं होतं. मी तो मेसेज अबू सालेहांना अरबीत सांगितला. ते म्हणाले, "तुझे वडील कंजूष लोकांकडे काम करत होते का?" मी म्हणालो, तो मांगर आमचाच होता. ते पुष्कळ हसले.

जूनच्या सुरुवातीला सातवा थर झाला. गहू मळून झाला, पोती वर गेली. मी कंपनीच्या कामावर परतलो आणि वाट पाहू लागलो. आयुष्यात मी बऱ्याच तपासण्यांची वाट पाहिली आहे. म्युनिसिपालिटीची, मेडिकलची, इकाम्याची. त्यात कागद पुरे असले की झोप लागते. इथे कागद नव्हता.

ऑगस्टमध्ये तो पाऊस आला. मी शहरात एका व्हिलाच्या दुसऱ्या मजल्यावर होतो. समोरचा रस्ता दिसेना. गारा पत्र्यावर अशा वाजत होत्या की माणसं एकमेकांना खुणांनी बोलत होती. प्रकाश माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "जावा तुम्ही. हय उभे ऱ्हवान पाऊस थांबाचो नाय." मी गेलो नाही. रस्त्याला नाल्याचं पाणी आलं होतं, आणि खरं तर मला भीती वाटत होती. अबू सालेहांना फोन केला, लागला नाही. सालेहला केला. तो म्हणाला, "मीच तिकडे निघालोय."

एवढंच बोलून त्याने ठेवला. त्यानंतर तीन तास काही नाही. मी त्या मजल्यावरच्या सहाही खोल्यांची फरशी तपासली. काय तपासलं ते विचारू नका.

मग त्याने एक फोटो पाठवला. मागची भिंत, ओली, काळपट, खालपासून वरपर्यंत उभी. प्रत्येक पाटीच्या टोकाला थेंब. खाली जमिनीवर पागोळ्यांची रेघ, जुन्या भागापासून माझ्या भागापर्यंत एकसलग. फोटोच्या कोपऱ्यात सालेहचा हात होता, मातीवर टेकलेला. त्याखाली त्याने लिहिलं होतं: आत सगळं कोरडं आहे, इस्तिराहा रस्त्याच्या बाजूला बांधू, पायाचं माप घ्यायला कधी येतोस?

शुक्रवारी गेलो. माप घेतलं. सालेहला इस्तिराह्याच्या खिडक्यांवर पाट्या हव्या आहेत, वीतभर बाहेर. मी म्हटलं, काँक्रीटला त्याची गरज नाही. तो म्हणाला, "तुला काय ठाऊक, तू तर कापतोस."

दर दोन वर्षांनी मी गावी येतो. मांगराच्या जागी सलीमने काजूची कलमं लावली आहेत, चांगली आली आहेत. मी तिथे उभा राहतो, चार कोपरे पावलांनी मोजतो, आणि घरी जेवायला जातो. पूर्वी मला वाटायचं, माझं घर म्हणजे ती जागा आणि इथलं सगळं तात्पुरतं. आता तसं वाटत नाही. इथे एक भिंत आहे, तिची चूकही माझी आणि दुरुस्तीही माझी, आणि ती पाहायला मला कोणाची परवानगी लागत नाही. गावी माझं असं आता काही नाही, याचं दुःख होतं, पण रोज होत नाही. रोज कामं असतात. फायनल एक्झिट घेऊन कायमचा परत येणार का, असं तुम्ही सगळे विचारता. विचार करतो आहे. सनाची बारावी होऊ दे.

अबू सालेहांचा पंधरा दिवसांपूर्वी निरोप आला. ते आता दिवसातून दोनदा कोठारात चढतात, गहू बघायला. खरं तर बघण्यासारखं काही नाही, पोती आहेत. जिन्याची खालून तिसरी पायरी हलते. पाचर मारून चालणार नाही, दगड काढून नवा बसवायला हवा. दोन शुक्रवार मला जमलं नाही. पायरी अजून हलतेच आहे.